ढिगाचे तीस सेकंद

१

फाईल लहान करणं हे माझं रोजचं काम आहे. सकाळचा चहा झाला, पेपरातल्या चुकांवर लाल रेघा मारून झाल्या, की हिंगोलीच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत मी कॉम्प्युटर सुरू करतो. एकतीस वर्षं मी एका दैनिकात बातमीदारी केली. शेवटी संपादक म्हणाले, "भीमराजराव, तुमच्या बातम्यांत राग फार असतो." मी म्हणालो, "तुमच्या पेपरात तो औषधालाही नसतो." तिथं आमचं संपलं. आता माझं स्वतःचं चॅनल आहे. फोनवर शूट करायचं आणि घरी येऊन जोडायचं.

जोडण्याआधी एक पायरी असते. फोनची फाईल अवजड आणि माझा कॉम्प्युटर सात वर्षांचा. तशीच उघडली तर आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात. म्हणून प्रत्येक क्लिप आधी कन्व्हर्टरमधून काढून हलकी करायची. हे कसं चालतं ते माझ्या मुलीनं, ऐश्वर्यानं, मला सांगितलं होतं. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"बाबा, समजा भिंत आहे. भिंत हलत नाही. मग मशीन ती एकदाच लिहितं आणि पुढं नुसतं म्हणत राहतं, तसंच, तसंच, तसंच. जे हललं तेवढंच नव्यानं लिहायचं."

मला हे लगेच पटलं. मी नवा होतो तेव्हा आमच्या म्हाताऱ्या उपसंपादकानं हेच शिकवलं होतं. कालचं पुन्हा लिहू नकोस, बदललं काय ते लिही.

म्हणून आठवडी बाजाराची फाईल पोत्याएवढी होते आणि रिकाम्या भिंतीची नखाएवढी. फोनला ही अक्कल नसते, तो दर सेकंदाला सारखाच माल भरतो. चित्रात खरोखर किती हललं हे कन्व्हर्ट केल्यावरच कळतं.

त्या मंगळवारी मी सहा क्लिपा लावून आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा पाच झाल्या होत्या आणि सहावी अजून चालू होती. ती तीस सेकंदांची क्लिप होती, दगडाच्या एका ढिगाची. चित्रात माणूस नाही, जनावर नाही, गवताची काडी नाही. ती संपली तेव्हा एकसष्ट एमबी भरली.

तिच्या तासभर आधी काढलेली एक क्लिप होती. तोच ढीग, तोच स्टँड, तेवढेच तीस सेकंद. ती अडीच एमबी होती.

२

तो ढीग कुठला, ते सांगतो.

साखऱ्याच्या पुढं एक तांडा आहे आणि तांड्याच्या वर डोंगरात खडी केंद्र. तांड्यावरचा धर्मसिंग तिथं शिट्टीवाला होता. सुरुंग उडवण्याआधी तीन शिट्ट्या मारायच्या आणि माणसं, गुरं लांब गेली का ते बघायचं, हे त्याचं काम. अकरा महिन्यांपूर्वी भरदुपारी सुरुंग लवकर उडाला आणि कडा खाली बसला. त्यानंतर धर्मसिंग कुणाला दिसला नाही.

मालक म्हणतो, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढं फुली आहे. कागदोपत्री तो बेपत्ता. ढीग उपसा म्हटलं की उत्तर येतं, जो तिथं नव्हताच त्याच्यासाठी डोंगर कशाला उपसायचा?

'नव्हताच.' या एका शब्दाशी मी एकतीस वर्षं भांडलोय. मोर्चात लाठीमार झाला नव्हताच, विहिरीत औषध पडलं नव्हतंच. गरिबाच्या बाबतीत जे झालं ते झालं नव्हतंच.

धर्मसिंगची बायको जिवनबाई मला म्हणाली होती, "कुंकू लावलं त्या दिशी बी बाया बघत्यात, न्हाई लावलं त्या दिशी बी बघत्यात. मला पैसा नको, भाऊ. निस्ता ढीग उपसा. हाये तर हाये म्हना, न्हाई तर न्हाई."

शुक्रवारी चौकशी अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. पुरावा ऑनलाईन पाठवायचा आणि फाईल पंचवीस एमबीच्या वर चालणार नाही, असं पत्रात होतं. म्हणून रविवारी सकाळी मी तिकडं गेलो. जिवनबाईचा पुतण्या देविदास मला पुसेगावच्या फाट्यावरून घेऊन गेला.

माझी एक जुनी पद्धत आहे. जिथं शूट करतो तिथली तीस सेकंदांची शांतता मी वेगळी घेतो. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, कॅमेऱ्यासमोर कुणी यायचं नाही. जोडताना दोन वाक्यांच्या मधे ती शांतता भरायला लागते. त्या दिवशी ती मी आल्याआल्या एकदा घेतली. अडीच एमबीची ती हीच.

मग जिवनबाई बोलली. "मी खाली जळन येचत व्हते. पयली शिट्टी आयकली, दुसरी आयकली. तिसरी अर्धीच वाजली."

"कुणी वाजवली?"

"त्यांनीच."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"आरोहीच्या आज्यानं."

देविदास हसला. "आरोही काकीची नात. काकीनं जलमात काकाचं नाव घेतलं न्हाई, साहेब. राशन दुकानात बी मला पुढं करती."

मला राग आला. तो तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावर. "बाई, चौकशीवाल्याला आरोहीचा आजा कळत नाही. त्यांच्या वहीत त्याच्या नावापुढं फुली आहे म्हणून तर हे सगळं चाललंय. नाव घ्या. ढिगाकडं तोंड करा आणि मोठ्यानं घ्या."

"तिकडं तोंड करून नाव घेतलं तर हाक मारल्यावानी व्हतंय, भाऊ."

"मग मारा हाक!"

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. माझ्या डाव्या हाताला, कॅमेऱ्याला लागूनच ती उभी होती. तिनं हाक मारली. रडून मारली नाही. भाकर घेऊन आलेली बाई वावरातल्या नवऱ्याला मारते तशी मारली. "धर्मसिंऽऽग!"

हाक कड्यावर आपटून परत आली. मी हात वर केला, सगळे गप्प झाले आणि मी पुन्हा तीस सेकंदांची शांतता घेतली.

एकसष्ट एमबीची ती ही.

३

आधी मी सेटिंग तपासलं. दोन्ही क्लिपांना एकच होतं. क्लिप पुन्हा लावली, तरी एकसष्ट. फाईल बिघडली असेल म्हणून फोनवरून नव्यानं उतरवली, तरी एकसष्ट.

मग क्लिप पाहिली. काळा, फुटलेला दगड आणि वर पांढरं ऊन. तीस सेकंद पाहिलं, पुन्हा तीस सेकंद पाहिलं. मला काही हलताना दिसलं नाही. कान लावून ऐकलं. वाराही नव्हता. आमच्या खोलीतल्या कूलरची घरघर तेवढी होती, ती बंद केली तर कॉम्प्युटरचा पंखा ऐकू यायला लागला.

दुपारी ऐश्वर्या शाळेतून आली. तिला दाखवलं.

"ऊन वाढलं असेल. गरम हवेनं चित्र थरथरतं."

"मग सगळं चित्र थरथरेल."

"थरथरलं नसेल कशावरून? आता फाईलवर पण संशय घेऊन राहिले का तुम्ही? तिची पण मुलाखत घ्या."

ती थट्टा करून जेवायला गेली, पण मला धागा सापडला. सगळं चित्र थरथरत असेल तर त्याचा प्रत्येक तुकडा सारखाच जड निघायला हवा. मी चित्र उभं कापून दोन फायली केल्या. डावी सव्वा एमबी. उजवी साठाच्या आसपास. उजवीचे वर-खाली दोन केले. वरची हलकी, खालची जड. खालचीचे पुन्हा दोन. बातमीचा माग असाच काढतात. कोण खोटं बोलतंय ते कळत नसेल तर प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून विचारायचं.

चार वाजेपर्यंत पोस्टकार्डाएवढा तुकडा हातात राहिला. ढिगाच्या पायथ्याला, उजवीकडं, दोन मोठ्या दगडांच्या मधली जागा. जवळजवळ सगळं वजन त्याच्यात होतं.

मी तो तुकडा पडदाभर मोठा केला. दोन दगड होते आणि मधे बारीक खडी. काही हलत नव्हतं.

पडद्याला नाक लावून बसलो असताना माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून श्वास रोखून धरलाय. कुणी गप्प राहायला सांगितल्यावर धरतो तसा.

४

बुधवारी सकाळी ऐश्वर्यानं शाळेत जाता जाता एक युक्ती सांगितली. एडिटिंगमधे एक चित्र दुसऱ्यातून वजा करता येतं. प्रत्येक फ्रेममधून तिच्या आधीची फ्रेम वजा करायची. जे हललं नाही ते काळं होतं आणि जे हललं तेवढंच उजेडात येतं. "म्हणजे तुमचं समाधान होईल," ती म्हणाली आणि गेली.

मी ते केलं. आधी हाकेच्या आधीची क्लिप लावली. पडदा काळा झाला तो काळाच राहिला. मग हाकेनंतरची लावली. तीही काळी. पाच सेकंद, दहा सेकंद. मला हायसं वाटायला लागलं.

अकराव्या सेकंदाला उजवीकडं खाली राखेच्या रंगाचं काहीतरी आलं.

आधी ते रेघांसारखं होतं. चार रेघा, मग पाच. त्या पुढं यायच्या, मिटायच्या, बाजूला जायच्या आणि पुन्हा पुढं यायच्या. मग डावीकडून तशाच दुसऱ्या पाच आल्या. घाई अजिबात नव्हती. धान्यातला खडा निवडावा तशा शांतपणे त्या काहीतरी उचलून बाजूला ठेवत होत्या.

आतल्या बाजूनं.

मी तिथंच थांबवलं. चोविसावा सेकंद होता. पुढचे सहा सेकंद मी पाहिले नाहीत. हे मी कबूल करतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ या सहा सेकंदांत आहे. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवू नये, हे मीच नव्या बातमीदारांना शिकवत आलो. मी उठून अंगणात गेलो आणि उन्हात उभा राहिलो.

मग माझ्या मनानं, सवयीनं, त्याची बातमी केली. तो तिथं आहे. कुठं आहे ते मला माहीत आहे. आता फक्त उपसायला लावायचं.

जिवनबाईच्या जबानीची फाईल पाठवायला बसलो, तर शेवटच्या शांततेसकट ती मर्यादेत बसेना. किती दाबली तरी बसेना. शेवटी मी ते तीस सेकंद कापले आणि जबानी बावीस एमबीची झाली. तो तिथं होता हे सिद्ध करायला मला तोच कापावा लागला.

५

सुनावणीत चौकशी अधिकाऱ्यानं जबानी पाहिली. मी ढिगाच्या फोटोवर लाल गोल काढून दिला. "एवढीच जागा उपसा. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"इथंच कशावरून?"

"सूत्राची माहिती आहे."

"सूत्र कोण?"

"सूत्राचं नाव मी सांगत नसतो."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलंय. पहिल्यांदाच म्हणताना मी समोरच्याकडं न बघता फोटोकडं बघत होतो.

मी आवाज चढवला, चॅनलवर रोज एक व्हिडिओ टाकीन म्हणालो. टाळण्यापेक्षा उपसणं सोपं, असं त्यांना वाटलं असावं. पुढच्या बुधवारी पोकलेन मशीन आलं. दोन्ही मोठे दगड उचलले. तांडा सगळा वर आला होता. जिवनबाई खाली, जळण वेचायच्या जागी बसून राहिली. वर ये म्हटलं तरी आली नाही.

दगडांमागं पोकळी निघाली. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी. आत काही नव्हतं. एक शिट्टी पडली होती, दोरीसकट. मी वाकून पाहिलं. पोकळीच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला, बारीक खडीचे दोन ढीग होते. एक डावीकडं, एक उजवीकडं. नीट रचलेले.

"दगड कोसळताना अशी पोकळी राहते," अधिकारी म्हणाला. "आणि शिट्टी कुणाचीही असू शकते." त्यानं पंचनामा लिहायला घेतला. सदर इसम घटनास्थळी आढळून आला नाही.

मी भांडलो. पण पहिल्यांदाच माझं भांडण खोटं आहे, हे मला कळत होतं. तो तिथं खरंच नव्हता.

घरी येऊन मी ते सहा सेकंद पाहिले. पंचविसाव्याला रेघा थांबल्या. सव्विसाव्याला जागा काळी झाली. सत्ताविसाव्याला राखेचा एक पट्टा पायथ्यापासून उभा राहिला आणि डावीकडं, कॅमेऱ्याकडं यायला लागला. एकोणतिसाव्याला सगळा पडदा करडा झाला, एका क्षणापुरता, काहीतरी भिंगाच्या अगदी जवळून गेल्यासारखा. जिवनबाई उभी होती त्या बाजूला. मग काळोख.

बायकोनं हाक मारली होती. तो निघून आला होता. आणि हाक मारायला मी लावलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी देविदासचा फोन आला. "काकीनं बलावलं. एकटेच या म्हन्ली."

जिवनबाई दारात बसली होती. हातात सूप, सुपात बारीक काळी खडी. "रोज सकाळी झाडते. रोज एवढीच निघती," ती म्हणाली. "त्या ऐतवारपासून."

आत एकच खोली. चूल, डबे, वळकटी आणि पलीकडच्या कोपऱ्यात अंथरलेलं पोतं. पोत्यावर कुणी नव्हतं. पत्र्याच्या फटीतून ऊन आलं होतं. आम्ही गप्प झालो तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. वाळूचा एक खडा घरंगळावा तसा. थोड्या वेळानं दुसरा.

"बोलतात का?" मी विचारलं. अहोजाहो कसं तोंडात आलं कळलं नाही.

"न्हाई. माझ्याकडं तोंड बी करत न्हाई. पाठ करून बसत्यात." ती पोत्याकडं न बघता बोलत होती. "आता वहीत बी न्हाई, कागदात बी न्हाई, अन् तिकडं ढिगात बी न्हाई. मानूस सापडल्याबिगर मी कोन, ते कोन सांगंल? तुमी बलवायला लावलं, भाऊ. तुमीच माघारी धाडा. म्हनावं, तिथंच ऱ्हावा. पुन्यांदा उपसत्याल तवा घावले पायजेत."

"बाई, हे मी कसं..."

"माझ्याच्यानं व्हत न्हाई. मी येकडाव नाव घेतलं, बस झालं."

मी फोन स्टँडला लावून पोत्याकडं केला. का लावला, सांगता येत नाही. पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही म्हणून असेल. मंत्र्यांना भर सभेत थांबवणारा माझा आवाज मला शोधावा लागला.

"धर्मसिंगभाऊ," मी म्हणालो, "परत जा. होता तिथंच जाऊन बसा. मी पुन्हा अर्ज करतो. तुम्हाला काढल्याशिवाय गप्प बसणार नाही. हा माझा शब्द."

मग हात वर केला आणि तीस सेकंद आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. पंधराव्याच्या सुमारास माझ्या पायाशी गार वाटलं. जिवनबाईनं दाराच्या वाटेतलं सूप उचलून बाजूला घेतलं, कुणाला जायला वाट द्यावी तसं.

घरी येऊन मी ती क्लिप फ्रेमफ्रेमनं वजा करून पाहिली. पहिले पंधरा सेकंद कोपऱ्यात राखेची एक वाकलेली पाठ होती. नंतरच्या पंधरा सेकंदांत कोपरा काळा, निखळ काळा होता.

त्यानं माझा शब्द मानला.

पुन्हा उपसण्याचा अर्ज मी त्याच दिवशी दिला. उत्तर वीस दिवसांनी आलं. एकदा उपसलेली जागा पुन्हा उपसण्याचे प्रयोजन दिसून येत नाही. मी अपील केलं. उपोषणाला बसेन म्हणालो. चॅनलवर सोळा व्हिडिओ टाकले. पोकलेननं दोन्ही दगड पंचनाम्याच्या दिवशीच परत होते तिथं लोटून ठेवले आहेत, 'सुरक्षिततेसाठी'.

जिवनबाई रोज सकाळी फोन करते. एकच शब्द विचारते. "कवा?"

मी दर रविवारी तिकडं जातो. स्टँड लावतो, तीस सेकंदांची शांतता घेतो आणि घरी येऊन कन्व्हर्टरला लावतो. सेटिंग तेच ठेवलं आहे. तो तिथं आहे. तो तिथं नाही असं माझ्यासमोर आता कुणी म्हणू नये.

पहिल्या रविवारी एकसष्ट एमबी भरली. मग बावन्न. मग सदतीस. काल एकोणीस. हाकेआधीची, काहीच न हलणाऱ्या ढिगाची, अडीच होती.

फाईल लहान होत चालली आहे.